न हलणारे भाडेकरू

४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. ते आधीच देऊन टाकते, कारण पत्र संपेपर्यंत काय द्यावंसं वाटेल याचा भरवसा नाही.

आत्याचं घर विकायचं आपण ठरवलं. ट्रस्टचे विश्वस्त दोन, तू आणि मी. ठरावावर सह्या दोन, तुझी आणि माझी. तरी घर जागच्या जागी आणि त्यातले भाडेकरूही जागच्या जागी! करार संपला, वाढवून दिलेली मुदत संपली, वकिलांच्या नोटिसा जाऊन पोचल्या. त्यावर भाडेकरीण बाईंचं उत्तर काय, तर 'आम्ही हे घर सोडणार नाही. भाडं वेळेवर येत राहील. कळावे, लोभ असावा.' लोभ असावा म्हणे! जसं काही मी त्यांना चहाला बोलावलं होतं.

तू एका कानाने ऐकतोस म्हणून पुन्हा सांगते. आत्याने तिकडचं, तुझ्या गावातलं घर ट्रस्टला दिलं ते इथल्या निवाऱ्यासाठी. जन्मभर ती या हॉस्पिटलात नर्स होती. ज्यांचं माणूस आत मशीनला लावलंय, त्यांनी बाहेर फरशीवर झोपायचं, हे तिला बघवायचं नाही. म्हणून समोरच्या इमारतीतल्या खोल्या भाड्याने घेऊन तिने त्यांची सोय केली, आणि ती गेल्यापासून मी ती चालवते. आता मालकाला इमारत विकायची आहे. वरचा मजला त्याने रिकामा करून घेतलासुद्धा. खालच्या खोल्यांत मावतील तेवढे मावतात, बाकीचे पुन्हा हॉस्पिटलच्या जिन्याखाली. परवा एक आजोबा तिथे चपला उशाला घेऊन झोपलेले मी पाहिले. त्यांची बायको वर तिसऱ्या मजल्यावर.

मालक भला माणूस आहे. आधी आम्हाला विचारलं. पण एप्रिलअखेरपर्यंतच थांबतो म्हणाला, पुढे तिथे मोटारींचं दुकान होणार. आत्याचं घर विकलं तर खोल्या आपल्या. नाही विकलं तर सगळेच जिन्याखाली.

तेव्हा उद्याच जा. कवळ्या करतोस, आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडत आलास, आता एकदा स्वतःचं उघड. आणि फोन करू नकोस. फोनवर तू 'हो ताई, हो ताई' म्हणतोस आणि मग ढिम्म. लिहून कळव.

ताई

*

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. अगदी साष्टांग, म्हणजे पाठीत धपाटा घालायला तुला सोपं जाईल.

गेलो होतो. चांगला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. आरशासमोर दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं, 'हे बघा, आता फार झालं!' बरं जमत होतं.

दार बाईंनी उघडलं. पन्नाशी उलटलेल्या, गळ्यात मोजपट्टी, तोंडात टाचण्या. घरबसल्या पडदे शिवतात. पुढच्या खोलीत सगळीकडे कापडाचे गठ्ठे, पाय ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, "मी ट्रस्टकडून आलोय." त्या म्हणाल्या, "मग उभे का? बसा की." बसलो, आणि तिथेच घात झाला. बसलेल्या माणसाला कडक बोलता येत नाही, ताई. तू कधी बसून कोणाला रागावली आहेस का?

तरी बोललो. घर सोडावंच लागेल, असं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही नाही सोडणार." मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "ते कारण आमचं आहे." तेवढ्यात आतल्या दाराआड कोणीतरी खाकरलं. यजमान आहेत, पण ते समोर येत नाहीत आणि बोलतही नाहीत, असं बाईंनी सांगितलं. मग त्यांनी माझ्या खिडक्यांची मापं विचारली. मी सांगितली. परत येताना माझ्या काखेत दोन पडदे होते. निळे आहेत. कसे आले ते कृपा करून विचारू नकोस.

पण पहिली भेट झाली हे काही कमी नाही. पुन्हा जातो.

तुझा ठोंब्या

*

२० फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

तुला घर रिकामं करायला पाठवलं आणि तू स्वतःचं घर सजवून आलास! धन्य आहे.

त्या बाईंचं 'कारण' मला कळलंय. दलाल म्हणाला की असे भाडेकरू सरळ अडून बसतात, म्हणजे निघायचे पैसे मिळतात. समोर न येणारा नवराच सगळा बेत रचत असणार. दाराआडून खाकरतो काय! साळसूद माणूस असता तर बाहेर आला असता.

दलालाने एक गिऱ्हाईक आणलंय. घर पाडून तिथे गाळे बांधणारा बिल्डर. देतोय ते फारच कमी आहे, घासाघीस करून कसंबसं आपलं भागेल. पण दुसरं कोणी भाडेकरूसकट घर बघायलाही तयार नाही. मार्चच्या शेवटी दोघं घर बघायला येतील. त्याआधी त्या नवऱ्याला बाहेर काढ आणि काय हवंय ते विचार. ठामपणे! आणि उभा राहून!

ताई

*

६ मार्च

ती. ताईस,

उभा राहिलो. बाईंनी तीनदा बस म्हटलं तरी बसलो नाही. म्हटलं, यजमानांना भेटल्याशिवाय जाणार नाही. मग आतून त्या गृहस्थांनी काहीतरी म्हटलं. शब्द एकही कळला नाही, पण आवाज ऐकून मी चमकलो. हा कवळी नीट न बसलेल्या माणसाचा बोलण्याचा आवाज. जन्म गेला माझा त्यात. मी काय केलं असेल, तर सगळी ठामपणाची तयारी विसरून ओरडलो, "अहो, वरची निसटतेय का तुमची?"

दार उघडलं. उंच माणूस, खांदे असे की दोन माणसं बसतील, आणि तोंडावर रुमाल धरलेला. ताई, आपण समजत होतो तसं काहीच नाही. ते लिलाववाले आहेत. जुनं सामान, मोटारी, घरं, दुकानं, सगळ्याचे लिलाव करायचे. तीन गल्ल्यांपलीकडे आवाज जायचा म्हणे. मग दात गेले आणि कोणा महाभागाने कवळी करून दिली. ती मी पाहिली. गवंड्यानेही याहून बरी केली असती. एका मोठ्या लिलावात 'एक वार, दोन वार' झालं आणि तिसऱ्या वाराला वरची कवळी तोंडातून सुटली, ती पहिल्या रांगेतल्या बाईंच्या मांडीवर. सगळं सभागृह हसलं. एवढ्यावर भागलं असतं. पण मागून कोणीतरी त्या कवळीवर बोली लावली! आणि दुसऱ्याने ती वाढवली!

ते तसेच घरी आले. त्यानंतर फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. किती वर्षं झाली ते दोघंही सांगत नाहीत. बाजारहाट, बँक, डॉक्टर, सगळं वहिनी करतात. (बाईंना मी वहिनी म्हणायला लागलोय. राहवत नाही.) वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दुसरी जागा हजार मिळतील. पण तिथे जायला यांना रस्त्यावरून जावं लागेल ना." एवढंच त्यांचं कारण. पैसे नकोत, काही नको. बोलताना त्या सुईत दोरा ओवत होत्या आणि तो काही ओवला जात नव्हता.

मला भरून आलं. तुला येणार नाही हे माहीत आहे, तरी लिहिलं. बोलणी सुरू आहेत. अधूनमधून जात असतो.

तुझा ठोंब्या

*

१५ मार्च

चि. ठोंब्यास,

मला भरून येत नाही हे तुला कोणी सांगितलं? पत्र वाचून मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. एक बाई चौकशीला आली, तिला म्हटलं डोळ्यात कचरा गेलाय.

बोली लावणारा तो मेला सापडायला हवा मला.

पण ठोंब्या, मी काय करू? मोटारींचा दुकानवाला काल टेप घेऊन आला होता. माझ्या देखत खोल्या मोजत होता, आणि आतल्या बायका पोरांना कडेवर घेऊन भिंतीला चिकटून उभ्या. एका माणसाला रस्ता नको म्हणून इतक्यांना रस्त्यावर आणू का? त्या दोघांसाठी मी दारात गाडी उभी करीन, काचांना पडदे लावून. पडदे वहिनींनीच शिवावेत. नव्या जागेच्या दारापर्यंत सोडीन. पण घर मला द्यायला सांग.

आणि 'बोलणी सुरू आहेत' म्हणजे? ज्या माणसाचं बोलणं कळत नाही त्याच्याशी तू काय बोलतोस? मला तुझा संशय येतोय. दलाल आणि बिल्डर येत्या आठवड्यात येतील. तू तिथे हजर राहा आणि काही घोळ घालू नकोस.

ताई

*

२७ मार्च

ती. ताईस,

हे पत्र बसून वाच. पाणी जवळ ठेव.

दलाल आणि बिल्डर आले होते. वहिनींनी घर दाखवलं, सगळं सुरळीत चाललं होतं. बिल्डर भिंतींवर बुक्क्या मारून बघत होता. मग अंगणात उभं राहून दोघं हळू आवाजात बोलू लागले. दलाल म्हणाला, "ट्रस्टवाल्या बाई घायकुतीला आल्यात, अजून खाली येतील." आणि त्याने आकडा सांगितला. तुला सांगितला होता त्याहूनही कमी.

त्याच क्षणी खिडकीतून आवाज आला. आवाज कसला, मी दचकून कुंडीवर आपटलो! "एवढ्याला? अहो, एवढ्यात या घराच्या बिजागऱ्याही येणार नाहीत! हे सागवानी दार बघा! हा दगडी चौथरा बघा! दोन्ही बाजूंनी रस्ता, सकाळी वरच्या खोल्यांत ऊन, आणि तुम्ही बोली लावताय का भीक घालताय?" एक अक्षर निसटलं नाही, ताई. 'सागवानी'तला 'स' असा स्वच्छ! पलीकडच्या गल्लीतला न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. दलालाची दातखीळच बसली. बिल्डर गाडीत जाऊन बसला तो बसलाच. दोघं निघून गेले.

आता तू विचारशील की बोलता न येणाऱ्या माणसाला एकदम हे कसं जमलं. तर त्याचं असं आहे की, मी त्यांना नवी कवळी करून दिली. वरची आणि खालची. माप ते पहिल्यांदा समोर आले त्याच दिवशी घेतलं होतं, पण तुला लिहायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे लिहिलं नाही. असली कवळी बघून एखादा माणूस हात बांधून कसा राहील? पहिल्यांदा बसवली तेव्हा त्यांनी वहिनींना नावाने हाक मारली. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "पुन्हा मारा." त्यांनी पुन्हा मारली. पाचसहा वेळा तरी मारायला लावली.

गिऱ्हाईक गेलं हे खरं. ओरड काय ओरडायचं ते.

ठोंब्या

*

२ एप्रिल

ठोंब्या,

आशीर्वाद नाहीत.

जो माणूस आपलं घर सोडत नाही, त्याला भांडायला दात तू करून दिलेस! वरचे आणि खालचे! एकच गिऱ्हाईक होतं, तेही त्याने त्याच दातांनी पळवून लावलं! महिना उरला नाही हातात. मी त्या आजोबांना सांगू काय, की माझा भाऊ मनाने फार चांगला आहे?

दलाल म्हणतो बिल्डर आता त्याहूनही कमी देईल. कमी पडेल त्याचं कर्ज काढीन, पण मी हो म्हणणार आहे.

('पुन्हा मारा' वाचून मात्र मी पत्र खाली ठेवलं. वहिनींना सांगू नकोस.)

ताई

*

८ एप्रिल

ट्रस्टच्या विश्वस्त बाईंना,

सप्रेम नमस्कार. आपल्या बंधूंनी आपलं पत्र मला वाचून दाखवलं. कंसातला मजकूरही दाखवला, त्याबद्दल त्यांना रागावू नये.

बाई, मी आपला भाडेकरू. आजवर आपल्याला माझा फक्त त्रासच झाला. आपला राग योग्य आहे. पण बिल्डरला हो म्हणू नका, एवढी हात जोडून विनंती. उभा जन्म मी किंमती ओळखण्यात घालवला. हे घर त्या भावात जाणं म्हणजे चोरी आहे, आणि आपल्या त्या जिन्याखालच्या माणसांच्या तोंडचा घास काढून घेणं आहे. त्यांच्याबद्दल आपल्या बंधूंनी मला आता सांगितलं. आधी का नाही सांगितलं, म्हणून मी त्यांच्यावर चिडलोही.

घर मला विकू द्या. जाहीर लिलाव करू. इथेच, अंगणात, दिवसाढवळ्या. मोबदला नको. गावातली सगळी जुनी गिऱ्हाईकं अजून मला ओळखतात, आपल्या बंधूंनी दोघाचौघांना विचारून पाहिलं. येतील. काही जण माझं तोंड बघायला येतील हेही मी जाणतो. येऊ देत. अंगणापर्यंत मी निभावीन.

आम्ही घर कधी आणि कसं सोडू, ते हातोडा पडल्यावर पाहू. त्यावर आज वचन देता येत नाही. खोटं वचन द्यायची मला सवय नाही.

आपला,
लिलाववाला

*

१३ एप्रिल

लिलाववाले भाऊंना,

नमस्कार. 'हातोडा पडल्यावर पाहू' हे मला मुळीच मान्य नाही. पण खोटं बोलला नाहीत हे मान्य आहे, आणि गेल्या कित्येक महिन्यांत दलाल, वकील, बिल्डर यांच्यापैकी कोणाचंच एवढं सरळ पत्र मला आलेलं नाही.

करा लिलाव. वकिलांना कागदपत्रं करायला सांगितली आहेत. ठोंब्याच्या हातात काही देऊ नका, तो वाटेत कोणालातरी देऊन येईल. त्याला फक्त खुर्च्या मांडायला सांगा.

मला इथून हलता येत नाही. तेव्हा माझ्या वाटचंही ओरडा.

ताई

*

२६ एप्रिल

ती. ताईस,

तारेने 'विकलं' एवढंच कळवलं. ते मुद्दाम. बाकीचं मला लिहायचं होतं, आणि निवांत बसल्याशिवाय ते जमलं नसतं.

२१ तारखेला सकाळी अंगण भरलं. मी मांडलेल्या खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक कुंपणाला टेकून उभे. जुने फर्निचरवाले, गॅरेजवाले, शिक्षक, गल्लीतली सगळी मंडळी, न्हावी. दलाल आणि बिल्डरही पहिल्या रांगेत. लिलाववाले कोट घालून बाहेर आले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढले. कोट वहिनींनी उसवून पुन्हा शिवला होता. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. ते थांबले, हसणाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माझे दात बघायला जे आलेत त्यांनी पुढे यावं, नीट दिसतील. पण बोली लावू नका. आज दात विकायचे नाहीत, आज घर आहे!" सगळं अंगण हसलं, ताई, आणि यावेळी ते त्यांच्याबरोबर हसलं.

मग त्यांनी घर विकायला घेतलं. काय सांगू तुला! मी त्या घरात लहानपणी सुट्टीत कितीदा राहिलोय, पण ते घर मला त्या दिवशी कळलं. चांगलं तेवढंच सांगितलं असं नाही. म्हणाले, "मागची खोली थंडीत गारठते, आत्ताच सांगतो, नंतर मला शिव्या नकोत." बोली सुरू झाली. बिल्डर बोलला, गॅरेजवाला बोलला, एक पोहायला शिकवणाऱ्या बाई होत्या, दोन मुली आणि म्हातारी आई घेऊन आलेल्या, त्या बोलल्या. आकडा बिल्डरच्या पहिल्या आकड्याच्या पुढे गेला. आणखी पुढे गेला. माझे पाय जमिनीवर नव्हते.

आणि दलाल उभा राहिला. "घर रिकामं कुठाय?" मोठ्याने म्हणाला. "यात भाडेकरू आहेत. कोर्टात गेले तरी निघणार नाहीत. भाडेकरूसकट घर कोण घेतो ते बघू!"

वर गेलेले हात खाली आले. पोहण्याच्या बाईंनी आईकडे बघितलं आणि मान हलवली. बिल्डर आरामात टेकून बसला, आता तो म्हणेल ती किंमत. मला वाटलं, संपलं. आत्याचं घर गेलं, ताईच्या खोल्या गेल्या, आणि हे सगळं माझ्यामुळे.

लिलाववाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते स्टुलावरून उतरले. म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मालाचं वर्णन खरं हवं." आणि घरात गेले. लोक कुजबुजायला लागले. मला वाटलं, आता ते पुन्हा बाहेर येत नाहीत. पण आले. एका हातात वहिनींचा हात, दुसऱ्यात हातोडा. वहिनींच्या गळ्यात मोजपट्टी तशीच. त्यांनी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि दोघं फाटकाकडे निघाले.

फाटकाशी ते थांबले. पाठमोरे होते, पण कोटाची बाही हलताना सगळ्यांना दिसत होती. वहिनींनी त्यांना ओढलं नाही. नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मी मनात म्हणत होतो, टाका, टाका हो पाऊल! आणि त्यांनी टाकलं. एक टाकलं आणि मग थांबलेच नाहीत. सरळ रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले, वळले, आणि तिथून तो आवाज आला.

"घर रिकामं आहे! भाडेकरू रस्त्यावर उभे आहेत, सगळ्यांनी मान वळवून खात्री करून घ्या! हं, बोली कुठे होती?"

ताई, सगळ्या खुर्च्या उलट्या फिरल्या. मधून स्कूटर जात होत्या, सायकली जात होत्या, आणि हा माणूस रस्त्यापलीकडून लिलाव करत होता! पोहण्याच्या बाईंचा हात सगळ्यात आधी वर गेला. बिल्डरचा गेला. गॅरेजवाला तर नुसताच ओरडत होता, त्याच्याकडचे पैसे कधीच संपले होते. शेवटी बाईंच्या आईने काठी वर केली, आणि त्यापुढे कोणी गेलं नाही. एक वार, दोन वार, तीन वार! हातोडा आपटायला टेबल नव्हतं. त्यांनी तो दिव्याच्या खांबावर हाणला. टण्णकन आवाज झाला आणि लोकांनी टाळ्यांचा जो काही गजर केला, तो तुझ्यापर्यंत कसा आला नाही हेच मला कळत नाही. मी काय केलं ते विचारू नकोस. मी दलालाला मिठी मारली. दुसरं कोणी जवळ नव्हतं.

आता खरी गंमत ऐक. पोहण्याच्या बाई रस्ता ओलांडून गेल्या आणि म्हणाल्या, "वरच्या खोल्या आम्हाला लागणार नाहीत. तुम्ही तिथेच राहा, भाड्याने." मला वाटलं, झालं गोड. तर लिलाववाले म्हणतात, "नाही! रिकामं म्हणून विकलंय, रिकामंच मिळणार!" बाई विनवतायत, त्यांची आई विनवतेय, मी विनवतोय. छे! ज्या माणसाला घराबाहेर काढायला आपण इतके महिने घालवले, तो आता घरात राहायला तयार नाही! वहिनी पदराने डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, आता यांना आत कोण नेणार? मी तर नाही."

तेव्हा सध्या ते माझ्याकडे आहेत. वहिनींची शिलाई पुढच्या खोलीत, त्यांचा आवाज सगळीकडे. सकाळी भाजी आणायला ते स्वतः जातात आणि भाजीवाल्याशी असे भांडतात की चार माणसं जमतात. दोघांनी जागा बघायचा विषय काढला. मी म्हटलं, घाई काय आहे? पुन्हा काढला, तेव्हा मी चक्क रागावलो. उभा राहून रागावलो, ताई! इतकी वर्षं एकट्याने ताट घेऊन बसत होतो. तू वकिलांना सांग, या भाडेकरूंना कसलीही नोटीस जायची नाही.

तुझा ठोंब्या

*

३० एप्रिल

चि. ठोंब्यास,

अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद. लिलाववाल्या भाऊंना नमस्कार, वहिनींना आणखी एक.

तुझं पत्र मी निवाऱ्यात मोठ्याने वाचून दाखवलं. फाटकापाशी आल्यावर मला पुढची ओळच दिसेना, तेव्हा त्या आजोबांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि पुढचं त्यांनी वाचलं. 'घर रिकामं आहे' हे त्यांनी असं काही ओरडून वाचलं की समोरून हॉस्पिटलचा रखवालदार धावत आला. किती दिवसांनी इथे सगळे एकदम हसले. पोरं, बायका, ज्यांचं आज ऑपरेशन आहे त्यांचे भाऊसुद्धा. मी रडले. हसता हसता रडले, आणि कोणाला डोळ्यात कचरा गेला असं सांगितलं नाही.

आज सह्या झाल्या. दोन्ही मजले आपले. मोटारींचा दुकानवाला दुसरीकडे गेला. वरच्या खोल्या आम्ही सकाळीच झाडून, पुसून उघडल्या आणि गाद्या घातल्या. आजोबांना खिडकीजवळची जागा दिली, तिथून तिसरा मजला दिसतो. दुपारी आजी तिथल्या खिडकीशी आल्या होत्या.

संध्याकाळी मी मुद्दाम हॉस्पिटलात जाऊन जिन्याखाली बघून आले. कोणीसुद्धा नव्हतं. सफाईवाल्या बाईंनी तिथे आपल्या बादल्या आणून ठेवल्या आहेत.

ताई